पहिली सुरी स्वतःच्या हातानं: कमानपाट्यापासून धारेपर्यंत

लोहारकाम शिकायची हौस असलेले बरेच जण पहिल्याच दिवशी तलवार किंवा मोठा कोयता डोळ्यांसमोर ठेवून ऐरण शोधायला निघतात. तसं करू नका. पहिलं पातं चार-पाच इंचांचं, कांदा-भाजी चिरायला उपयोगी पडेल असं ठेवा. लहान पातं सगळीकडे सारखं तापतं, तेलात सरळ बुडतं आणि वाकडं झालं तर दुरुस्त करता येतं. लांब पात्यात यातली एकही गोष्ट नवशिक्याच्या हातात राहत नाही.

दुसरं म्हणजे, नवशिक्याला सगळी काळजी हातोडा कसा मारायचा याची असते. वाकडा बसलेला घाव पुढच्या तावात, म्हणजे पुन्हा तापवून ठोकायच्या फेरीत, सुधारतो, जास्त तापून जळलेलं पोलाद मात्र पुन्हा जागेवर येत नाही. म्हणून या लेखात हातोड्यापेक्षा रंगाबद्दल जास्त लिहिलं आहे. लोखंड कुठल्या रंगाला काय करू देतं हे डोळ्यात बसलं की बाकीचं काम सरावाचं आहे.

## १. आधी लोहाराच्या भट्टीवर बसा

तालुक्याच्या गावी किंवा मोठ्या बाजारगावात अजून लोहार सापडतात. रस्त्याकडेला पाल टाकून काम करणारी घिसाडी कुटुंबंही दिसतात. नवरा सांडशीत लोखंड फिरवतोय आणि बायको घण घालतेय, हे काम उभं राहून बघितलं तरी ताल म्हणजे काय ते कळतं. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाचा रंग वाचत आली आहेत. त्यांच्याकडून शिकायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, त्यामुळे जाताना नीट जा.

नीट म्हणजे कसं? रिकाम्या हातानं जाऊ नका. घरातला बोथट विळा, खुरपं, कुऱ्हाड पाजवायला घेऊन जा आणि "मामा, काम बघत बसलो तर चालेल का?" असं विचारा. मोबाइल लगेच बाहेर काढू नका. पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मृगाआधी, लोहाराला मान वर करायला फुरसत नसते, कारण फाळ, खुरपी, विळे सगळं एकदम येतं. ऊसपट्ट्यात तोडणी सुरू होण्याआधी कोयत्यांची अशीच गर्दी असते. हे दिवस टाळा. शिकवायला कुणी तयार झालं तर त्यांच्या वेळेचे पैसे आधी ठरवून द्या. त्यांची मजुरी बुडवून आपली हौस भागवणं बरोबर नाही.

बसल्यावर एकच गोष्ट बघा: लोखंड कुठल्या रंगाला भट्टीतून बाहेर येतं आणि कुठल्या रंगाला परत आत जातं.

## २. साहित्य

- ऐरण. नवी ओतीव ऐरण महाग पडते आणि पहिल्या सुरीसाठी तिची गरजही नाही. ट्रकच्या ॲक्सलचा जाड तुकडा उभा करून, किंवा भरीव पोलादाचा वीस-तीस किलोचा ठोकळा घेऊन काम होतं. बाभळीच्या ओंडक्यात तो पक्का बसवा. सरळ उभं राहून मूठ वळली की बोटांची पेरं जिथं येतात, तितकी ऐरणीची उंची हवी.
- हातोडा. एक ते सव्वा किलोचा. तोंडाच्या कडा कानशीनं गोल करून घ्या, नाहीतर प्रत्येक घावाची कोर पात्यात उमटते.
- सांडशी. आठवडी बाजारात किंवा लोहाराकडे मिळते. तुमच्या पट्टीची जाडी तिच्या जबड्यात घट्ट बसते का, हे तिथंच बघून घ्या. सैल सांडशीतून उडालेलं लाल लोखंड पायावर येतं.
- कानशी. बारा इंची खरबरीत एक, मऊ एक.
- हॅकसॉ, ड्रिल, व्हाइस, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर.
- चुंबक. जुन्या स्पीकरमधलं चालेल, ते लांब तारेला बांधून ठेवा.
- तेल. शेंगदाणा किंवा सोयाबीनचं चार-पाच लिटर, उभट पत्र्याच्या डब्यात. डब्याला घट्ट झाकण हवंच. गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं, पण त्याचा धूर विषारी असतो. घेऊ नका.
- वाळूची बादली, पाण्याची बादली, जमल्यास अग्निशामक नळकांडं. वाळू तेलाच्या आगीसाठी, पाणी बाकी सगळ्यासाठी. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही टाकू नका.
- अंगावर: डोळ्यांना बंद बाजूंचा गॉगल, सुती जाड कपडे, चामड्याचे बंद बूट, कानात बोळे. नायलॉन-टेरिकॉट ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं. ओढणी, पदर, मोकळे केस, लोंबणाऱ्या दोऱ्या बांधून टाका. हातोड्याच्या हातात मोजा घालू नका, पकड निसटते.

ऐरणीसाठी रेल्वेरुळाचा तुकडा वापरा असं सगळे सांगतात. रूळ उत्तम असतो, पण कुठून आला ते महत्त्वाचं आहे. रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा हा १९६६ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. "पडलेलाच होता" हे उत्तर तिथं चालत नाही. लिलावातून माल उचललेल्या भंगारवाल्याकडून पावतीसह मिळत असेल तरच घ्या, आणि पावती जपून ठेवा.

## ३. भट्टी

पहिल्या भट्टीवर खर्च करू नका. जुनं लोखंडी घमेलं घ्या, आतून माती आणि राख कालवून दोन-तीन इंचांचा थर द्या, मध्ये लांबट खळगा ठेवा. एका बाजूनं इंच-सव्वा इंचाचा साधा लोखंडी पाइप खळग्याच्या तळाशी आणा. पाइपला हाताचा भाता किंवा छोटा ब्लोअर जोडा. जुना हेअर ड्रायर गरम न करता नुसत्या वाऱ्यावर चालवला तरी पुरतो, फक्त तो पाइपापासून थोडा लांब आणि तिरका ठेवा, म्हणजे वारा कमी-जास्त करता येतो. मातीचा थर दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या, मग मंद विस्तव करून भाजा. ओल्या मातीवर एकदम मोठा जाळ केला तर थर फुटून उडतो.

पाइप पांढरट चमकणारा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, नको. जस्त तापलं की त्याचा धूर होतो आणि तो छातीत गेला की थंडी-ताप भरतो. भट्टीत टाकायच्या कुठल्याही भंगाराला हाच नियम लावा: मुलामा, रंग, क्रोम असलेलं काहीही आत जाणार नाही.

कोळसा लोणारी घ्या, लाकडाचा. दगडी कोळसा जास्त तापतो, पण धूर आणि गंधक सांभाळायला सराव लागतो. लोणारी कोळसा अक्रोडाएवढा फोडून चाळून घ्या. भुगा आत गेला तर वारा कोंडतो.

भट्टी उघड्यावर पण सावलीत हवी. उघड्यावर अशासाठी की कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि बंद खोलीत तो माणसाला कळायच्या आत आडवा करतो. सावली अशासाठी की उन्हात लोखंडाचा रंग दिसतच नाही. दुपारच्या उन्हात जे लोखंड काळं वाटतं ते सावलीत लालभडक असतं. संध्याकाळची वेळ सगळ्यात चांगली.

लोखंड वाऱ्याच्या तोंडासमोर थेट ठेवू नका. तिथं नुकताच आलेला वारा असतो आणि तो लोखंड खातो. पाइपाच्या तोंडाच्या तीन-चार इंच वर, निखाऱ्यांच्या पोटात पट्टी आडवी ठेवा आणि वरूनही कोळसा घाला.

## ४. पोलाद ओळखा

सगळ्यात जास्त नवशिके इथं फसतात. बांधकामाची सळई, ग्रिलची पट्टी, नटबोल्ट यात कार्बन इतका कमी असतो की कितीही पाणी दिलं, म्हणजे तापवून एकदम विझवून कडक करायला गेलं, तरी धार टिकत नाही. तासन्‌तास ठोकून सुंदर आकार येतो आणि पहिला टोमॅटो चिरताना धार दुमडते.

जुना कमानपाटा, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, घ्या. ट्रक, जीप, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे पाटे गॅरेजबाहेर पडलेले असतात. यातल्या पोलादात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, म्हणजे धार धरण्याइतका कडकपणा येतो आणि थोड्याफार चुकीला ते माफ करतं. ऊसतोडीचे कोयते याच पाट्यांपासून होतात. सहा-आठ मिलिमीटर जाडीचा, फार न गंजलेला पाटा निवडा. नवीन पट्टी हवी असेल तर पोलादाच्या दुकानात ईएन ४५ मागा, ते कमानीचंच पोलाद आहे.

वापरून झालेल्या पाट्याला बारीक तडे असू शकतात. तडा गेलेला पाटा दिसायला धडधाकट असतो आणि पाणी देताना फुटतो. म्हणून तुटलेल्या जागेजवळचा आणि भोकाभोवतीचा भाग सोडून द्या, उरलेला ब्रशनं साफ करून उजेडात तिरका धरून बघा.

खात्री करायला दोन चाचण्या आहेत. ग्राइंडरवर लावलं की साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ पडतात, जास्त कार्बनच्या ठिणग्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. दुसरी चाचणी अधिक भरवशाची: बोटभर तुकडा केशरी तापवून तेलात विझवा आणि त्यावर कानस चालवा. कानस घसरली तर पोलाद कडक होतं, चावली तर तो पाटा बाजूला ठेवा.

जुनी कानस तोडून सुरी करावी असंही सांगितलं जातं. कानशीत कार्बन बराच जास्त असतो, त्यामुळे तिची धार कडक येते, पण तडकायलाही ती तितकीच तयार असते. ती तिसऱ्या-चौथ्या सुरीला.

## ५. रंग शिका

पाट्याला हात लावण्याआधी दहा मिलिमीटरच्या साध्या सळईवर काही दिवस काढा. टोक काढा, चौकोनी करा, परत गोल करा, भिंतीला लावायचे आकडे करा. यातून हातोडा सरळ पडायला लागतो आणि डोळ्याला पुढचे रंग ओळखता येतात:

- गडद लाल, अंधारातच दिसणारा: सुमारे ६५० ते ७०० अंश सेल्सिअस. इथं ठोकायचं नाही. लोखंड हलत नाही आणि आत तडे पडतात.
- कुंकवी लाल: ८०० च्या आसपास. फक्त हलके, सरळ करायचे घाव.
- केशरी ते हळदी पिवळा: ९५० ते ११००. घडवायचा रंग हाच.
- पांढरट, ठिणग्या उडणारा: पोलाद जळतंय. एवढा भाग कापून टाका, तो दुरुस्त होत नाही.

विझलेलं लोखंड सगळ्यात फसवं. चारशे अंशांवर ते काळंच दिसतं आणि हाताची सालपटं काढतं. उचलण्याआधी हाताची मागची बाजू थोड्या अंतरावरून जवळ नेऊन धग बघा. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ यातलं काही लावू नका. फोड मोठा असेल तर दवाखान्यात जा.

## ६. घडवणं

पाटा हॅकसॉनं किंवा ग्राइंडरनं उभा चिरून इंचभर रुंदीची पट्टी काढा. लांबी मात्र दीड फूट ठेवा, सुरीला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त. पोलादातून उष्णता हळू सरकते. लांब पट्टीचं दुसरं टोक बराच वेळ धरण्यासारखं राहतं, त्यामुळे सुरुवातीला सांडशीची कसरत लागत नाही. पातं झालं की मग मुठीपुरता भाग ठेवून कापायचं.

बाक काढा. पाट्याला कमानीचा बाक असतो. पहिले एक-दोन ताव ते सपाट करण्यात घालवा.

टोक. पट्टीचा एक कोपरा ऐरणीच्या कडेवर तिरका धरून दुसऱ्या कोपऱ्याकडे दाबत आणा. रुंदीवर घाव बसला की पट्टी जाडीला फुगते, म्हणून दोन-चार घावांनंतर आडवी करून चपटी करा. टोक बारीक झालं की ते बाकीच्या पात्याच्या कितीतरी आधी तापतं आणि जळतं. टोक निखाऱ्यांतून पलीकडे थोडं बाहेर काढून ठेवा, शेवटच्या क्षणी आत ओढा.

उतार. धारेच्या बाजूला पातळ आणि पाठीकडे जाड असा उतार ठोकायला लागलात की पातं केळ्यासारखं वर वाकायला लागतं, कारण पातळ होणारी बाजू लांब होते आणि पाठ होती तेवढीच राहते. त्यावर उपाय आधीच करायचा: उतार काढण्यापूर्वी पात्याला धारेच्या बाजूला हलका बाक द्या. उतार ठोकता ठोकता ते आपोआप सरळ होतं. दोन्ही अंगांना सारखेच घाव द्या. एका बाजूला चार तर दुसऱ्या बाजूला चार, नाहीतर पातं पिळतं.

धार या टप्प्यावर पातळ करायची नाही. दीड-दोन मिलिमीटर ठेवा. पातळ कोर भट्टीत जळते आणि तेलात लाटेसारखी वाकते.

शेपटी. मुठीत बसणारा हा भाग शेवटी काढा. पातं आणि शेपटी जिथं मिळतात तो कोन टोकदार काटकोन ठेवू नका, गोलसर ठेवा. सुरी मोडते ती याच कोनातून.

प्रत्येक तावानंतर काळ्या खपल्या ब्रशनं झाडा. खपलीवर घाव बसला की ती आत रुतते आणि मग कानस घासून घासून हात दुखतात. ताव संपला की थांबा. "अजून दोन घाव" हा मोह नवशिक्याला फार असतो, आणि तडे त्याच दोन घावांत जातात.

## ७. पोलादाला विसावा

ठोकताना पोलादाच्या पोटात ताण साठतो. पातं चुंबकाला चिकटायचं बंद होईल इतपत तापवा, बाहेर काढा आणि वाऱ्याचा झोत न लागेल अशा जागी तारेला टांगून हवेत काळं होऊ द्या. असं तीनदा. शेवटच्या वेळी तापवलं की कोरड्या राखेच्या डब्यात पुरून रात्रभर ठेवा. सकाळी ते कानशीला लोण्यासारखं लागणार नाही, पण कानस चावते एवढं मऊ नक्की झालेलं असतं. हा टप्पा गाळला तर पाणी देताना पातं वाकतं किंवा फुटतं.

## ८. कानस

हे कष्टाचं आणि शांत काम आहे. आकार, उतार, शेपटी सगळं आता नीट करून घ्या आणि मुठीच्या रिबेटांची (मूठ जखडणाऱ्या सळीच्या तुकड्यांची) भोकंही आताच पाडा, नंतर ड्रिल आत जाणार नाही. धारेची कोर एक मिलिमीटरपर्यंत आणा, त्याहून पातळ नको. शेवटचे ओरखडे पात्याच्या लांबीत असू द्या. धारेला आडवा राहिलेला खोल ओरखडा तेलात गेल्यावर तड्याची सुरुवात ठरू शकतो. ग्राइंडर वापरणार असाल तर त्याची जाळी काढू नका आणि मास्क लावा.

## ९. पाणी देणं

लोखंडाच्या पट्टीची सुरी होते ती इथं, दहा-बारा सेकंदांत.

तेल आधी कोमट करा, ५० ते ६० अंश. एखादं तापलेलं लोखंड त्यात बुडवून फिरवलं की होतं. थंड तेल घट्ट असतं, ते पात्याभोवती नीट वाहत नाही आणि पातं सावकाश निवतं. डबा भट्टीपासून एका पावलावर, झाकण हाताशी, आजूबाजूला सुकं गवत-पाचट नाही, लहान मुलं लांब.

संधिप्रकाशात वारा मंद ठेवून पातं तापवा. पाठ जाड असते म्हणून ती निखाऱ्यांकडे, धार वर. अधूनमधून बाहेर काढून चुंबकाला लावा. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचं सोडतं. त्यानंतर अजून थोडं तापवायचं असतं, आणि किती ते पातंच दाखवतं. नीट बघा: लाल झालेल्या पात्यात गडद सावल्या फिरताना दिसतात. ढगाची सावली शेतावरून सरकावी तशा त्या पात्यावरून सरकतात, कारण पोलाद आतून बदलताना उष्णता पिऊन घेत असतं आणि तेवढा भाग मंद दिसतो. सावल्या टोकापासून पाठीपर्यंत पूर्ण विरल्या आणि सगळं पातं एकसारखं उजळ लाल-केशरी झालं की वेळ आली. आणखी उजळ होण्याची वाट बघू नका.

पातं बाहेर काढा आणि टोक खाली करून सरळ तेलात घाला, अर्धवट थांबू नका. आत गेल्यावर धारेच्या दिशेनं मागे-पुढे हलवा, भाजी चिरल्यासारखं. आडवं हलवलं की एक बाजू आधी निवते आणि पातं वाकतं. वर ज्वाळ येते, तिला घाबरून पातं अर्धं वर काढू नका. पूर्ण बुडालेलं असेल तर ज्वाळ लहान राहते. दहा-बारा सेकंद धरा, काढा, लगेच पाठ आणि धार डोळ्यासमोर धरून बघा. वाकलेलं असेल तर चामडी मोजे घालून दोन फळ्यांमध्ये दाबून सरळ करता येतं, पण काही सेकंदच. पूर्ण निवल्यावर सरळ करायला गेलात तर ते काचेसारखं तुटतं.

मग कानस. धारेवर ती घसरली, बारीक किणकिणली, तर पाणी चढलं. चावली तर पुन्हा तापवून एकदा करा.

लोहारमामा तर पाण्याच्या बादलीत विझवतात, मग तेल कशाला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नीट बघितलंत तर ते सगळं पातं बुडवत नाहीत. फक्त धार क्षणभर बुडवतात, बाहेर काढतात, दगडावर एक घासा मारून पांढरी करतात आणि पाठीत उरलेली उष्णता धारेकडे येताना बघत राहतात. घासलेल्या जागी पिवळा रंग चालत येतो. तो धारेला टेकला की सगळं पाण्यात. कडक करणं आणि कडकपणा थोडा उतरवणं, दोन्ही कामं ते एका तावात करतात. हे कसब बघण्यासारखं आहे आणि शिकण्यासारखंही, पण पहिल्या सुरीवर नाही. कमानीचं पोलाद सगळंच्या सगळं पाण्यात गेलं तर तडकायची भीती खूप.

## १०. कडकपणा उतरवणं

आता पातं इतकं कडक आहे की फरशीवर पडलं तर दोन तुकडे होतील. त्याच संध्याकाळी, तास-दीड तासाच्या आत, ते परत तापवायचं. तेल पुसून, साबणानं धुऊन, एक बाजू पॉलिश पेपरनं चमकवा म्हणजे रंग दिसेल. मग घरातल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास. बाहेर काढून निवू द्या, परत दोन तास. ओव्हनच्या बटणावरचा आकडा खरा नसतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

ओव्हन नसेल तर जाड कढईत वाळू तापवा आणि पातं पाठीवर उभं रोवा, धार वर. चमकवलेल्या भागावर आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. धार गवती पिवळी झाली की बाहेर काढून पाण्यात घाला. जांभळी-निळी झाली तर धारेचं पाणी उतरलं, ती टिकणार नाही. पाठ निळी झाली तर हरकत नाही, उलट बरंच.

यापुढे पातं कधीही तापू द्यायचं नाही. ग्राइंडरवर शेवटचा हात देताना बोटांना चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा. धारेवर निळा ठिपका उमटला की तेवढी जागा मऊ पडली.

## ११. मूठ

शिसव, बाभूळ, जुनं सागाचं लाकूड, यातलं काहीही चालेल. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, ओलं लाकूड आकसून रिबेटाभोवती फाटतं. शेपटीच्या दोन्ही अंगांना फळ्या इपॉक्सीनं चिकटवा, पितळी सळीचे तुकडे भोकांतून घालून हलक्या हातानं ठोका. शिसवाच्या भुश्शानं कित्येकांना शिंका आणि खाज येते, मास्क लावून घासा. शेवटी जवसाचं तेल चोळा. तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

## १२. धार आणि निगा

दगडावर दोन्ही बाजूंनी पंधरा ते वीस अंशांचा कोन ठेवून घासा. एका बाजूनं घासताना पलीकडे बारीक कोर बोटाला लागेपर्यंत, मग दुसरी बाजू. खरबरीत दगडावरून बारीक दगडावर या. पिकला टोमॅटो न दाबता चिरला गेला की पुरे.

हे पोलाद गंजतं. लिंबू, चिंच, टोमॅटो चिरल्यावर लगेच धुऊन पुसा, ठेवताना तेलाचा हात फिरवा. महिन्याभरात पातं करडं-निळसर होतं, त्याला घासून पांढरं करायच्या मागे लागू नका. तो थर गंज थोपवतो.

## १३. कायद्याचं एवढं लक्षात ठेवा

घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी केलेली हत्यारं सोडून, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्र नियमांत शस्त्रांच्या यादीत येतात. चार-पाच इंची स्वयंपाकाची सुरी यात बसत नाही. पण तलवार, खंजीर, गुप्ती हौसेनंसुद्धा घडवू नका. शिवाय महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा सार्वजनिक जागी सुरी बाळगणं अंगाशी येतं. मित्राला दाखवायला नेत असाल तर म्यानात घालून, कापडात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी ठेवा. खिशात किंवा कमरेला नको.

## १४. दुसऱ्या सुरीआधी

उरलेला कमानपाटा भंगारात मिसळू देऊ नका. त्यावर ऑइल पेंटनं खूण करा आणि वहीत लिहून ठेवा: पाटा कुठल्या गाडीचा, तेल कोणतं, पाणी देताना रंग कसा होता, ओव्हन किती अंशांवर आणि किती वेळ, धार किती दिवस टिकली. त्याच पाट्यातून दुसरी सुरी करा आणि या वेळी एकच गोष्ट बदला. धारेचे कपचे उडत असतील तर ओव्हन दहा-पंधरा अंशांनी वाढवा, धार दुमडत असेल तर तेवढाच कमी करा.